मथुराक्काची सावड

होन्नेपाळ्यात रागी, म्हणजे नाचणी, कापणीला आली की गावातली भांडणं आपोआप मिटायची. सगळ्यांना सगळ्यांची गरज पडायची, मग भांडायचं कुणाशी? आज एकाच्या रानात, उद्या दुसऱ्याच्या. घरटी एक विळा निघायचा, आणि ज्याचं रान त्यानं दुपारी रागीचा गरम उंडा अन् अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचं पातळ सारू वाढायचं. कानडी घरं याला मुय्यी म्हणायची, मराठी घरं सावड. नाव निराळं असलं तरी विळे तेच आणि कापता कापता एकमेकींची उणीदुणी काढायची रीतही तीच.

साठ सालच्या मार्गशीर्षात मात्र एक रान तसंच उभं राहिलं. ते विठोजीचं. आजूबाजूची रानं कापून मोकळी झाली, गंज्या रचल्या गेल्या, आणि मधोमध विठोजीची रागी कणसांच्या भारानं आडवी होत चालली. मद्रासच्या अंगाला समुद्रात वादळ उठलं की इकडं झिमझिम लागते, हे पाळ्यातलं शेंबडं पोरही सांगायचं. पिकलेलं कणीस भिजलं की झाडावरच मोड येतात. मग घरची वर्षाची भाकर कोंबड्यांपुढं टाकायची.

विठोजीची बायको सोयराबाई एकटीच कापत होती. पदर कमरेला खोचलेला, डोक्याला फडकं. एका विळ्यानं एवढं रान कधी व्हायचं, हा हिशेब तिनं मुद्दामच केला नव्हता. बांधावरून जाणाऱ्या बायका नजर चुकवून पुढं जात होत्या.

मथुरा तळ्याच्या बांधावरून गावात येत होती, तिला हे लांबूनच दिसलं. हे रान असं उभं राहिलं ते तिच्यामुळं, असं तिला वाटत होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

मथुरा ही सरकारची ग्रामसेविका. शहरात चिकपेटेतल्या जुन्या मराठी घरातली. पूर्वज म्हणे शहाजीराजांच्या फौजेबरोबर घोड्यावर बसून आले. घोडं कधीच गेलं, ऐट तेवढी मागं राहिली. ऐन विशीत नवरा गेला आणि ती भावाकडं परत आली. भाऊ प्रतापराव कधी उणं बोलला नाही, वहिनीनंही कधी भांडं आपटलं नाही. तरी ताटावर बसताना मथुराला वाटायचं, हे ताट आपलं नव्हे. म्हणून ती थोडं खायची आणि दुप्पट राबायची. पहाटे घरचं पाणी भरून, भांडी उरकून बस धरायची. मडिवाळला उतरून पायी होन्नेपाळ्यात. बालवाडीच्या पडवीत परदेशी पावडरीचं दूध उकळायचं, पोरांना पाजायचं, मग घरोघर हिंडायचं. कुणाच्या बाळाला देवी टोचायच्या, कुणाच्या सुनेला इस्पितळात न्यायचं. तिला दमलेली कुणी पाहिली नव्हती, कारण दमल्यावर ती आणखी एक काम काढायची.

झालं होतं असं. दिवाळीच्या सुमारास विठोजीच्या खोकल्यातून रक्त पडलं. सोयराबाईनं ते कुणाला दाखवलं नाही, मथुराला दाखवलं. मथुरानं त्याला शहरातल्या क्षयाच्या इस्पितळात दाखल केलं. सोयराबाईचे आणि दोन्ही लेकरांचे छातीचे फोटो काढून घेतले. ते स्वच्छ निघाले. डॉक्टरांनी सांगितलं, यांच्यापासून कुणाला काही भीती नाही. मग सोयराबाईनं मथुराचा हात धरला.

"अक्का, गावाला सांगू नका. क्षयाचं घर म्हटलं की माझ्या लेकीला कोण करून घेईल? मिलमध्ये कामाला गेलाय म्हणून सांगती मी."

"मी सांगणार नाही," मथुरा म्हणाली. शब्द द्यायला वेळ लागत नाही. तो सांभाळायला मात्र लागतो, आणि ती वेळ सकवारबाईच्या रूपानं आली.

सकवारबाई म्हणजे पाळ्यातल्या बायकांची पाटलीण. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे तिला वासावरून कळायचं आणि का शिजतंय तेही. आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं पाहावं वाकून, असा तिचा खाक्या. एके सकाळी दुधाच्या पातेल्याशी येऊन ती उकिडवी बसली.

"मथुराक्का, खरं सांगा. आमचा पोरगा नरसिंह म्हणतोय, विठोजीला इस्पितळाच्या आवारात पाहिला. क्षय आहे का त्याला?"

मथुराचा हात पळीवर थांबला. आजूबाजूच्या बायकांचेही हात थांबले. नाही म्हणावं तर ते खोटं. उद्या याच बायका देवी टोचताना विचारतील, हे तरी खरं का? हो म्हणावं तर सोयराचा गळा कापला. कुणाला धोका असता, तर तिनं सोयराच्या पाया पडून तिलाच बोलायला लावलं असतं. पण धोका नव्हता, होती ती नुसती भीती.

"सकवारक्का," ती म्हणाली, "एका घरातलं मी दुसऱ्या घरात नेत नाही. तुमच्या घरातलंही नेलेलं नाही."

सकवारबाईचा चेहरा उतरला. तिची लेक चंपा आषाढापासून माहेरी होती. विश्रांतीला आलीय असं गावाला सांगितलं होतं. खरं म्हणजे फिट येते म्हणून सासरच्यांनी परत धाडली होती. चंपाची औषधं मथुराच शहरातून आणायची. मथुरा सहज बोलली होती, सकवारबाईला मात्र ते धमकीसारखं लागलं. ती उठली, लुगडं झटकलं आणि गेली.

पण गावाला कळायचं ते कळलं. नाही म्हणाली नाही, म्हणजे हो! दुसऱ्या दिवसापासून सोयराबाईच्या रानाकडं एकही विळा वळला नाही. सावडीत जेवण ज्याचं रान त्याच्या घरचं असतं. क्षयाच्या घरचा उंडा कोण खाणार? आणि उंडा खायचा नसेल तर रानात पाय ठेवायचा नाही, हीच रीत. एक शब्द खोटं बोलली असती, तर रान कधीच कापून झालं असतं. हा विचार मथुराच्या डोक्यातून जाईना.

त्या आठवड्यात ती गटविकासाच्या कचेरीत गेली तेव्हा तिनं हयवदनरावांपुढं विषय काढला. हयवदनराव तिचे साहेब. माणूस वाईट नव्हता, फक्त प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याजवळ एक नियम असायचा. कानडीत, सावकाश, हातातली दौत सरळ करत ते म्हणाले, "गावकऱ्यांच्या भांडणात पडू नका. कुणाच्या घरी खायचं नाही, प्यायचं नाही, कुणाचं काही घ्यायचं नाही. एकाचं घेतलंत की दुसऱ्यांच्या लेखी तुम्ही त्या तटाच्या झालात."

"सरी, सर," म्हणत मथुरानं मान डोलावली. नियम घेण्याबद्दल होता, देण्याबद्दल नव्हता. विळ्याचं तिनं विचारलंच नाही. विचारलं की साहेब नाही म्हणतात, एवढं ती सरकारी नोकरीत शिकली होती.

दुसऱ्या दिवशी दूध वाटून, घरं फिरून झाल्यावर तिनं थेट सोयराबाईच्या रानात जाऊन विळा धरला. शहरातली बाई, विळा धरायचा तो भाजी चिरायच्या सुरीसारखा धरला. रागीचं ताट दिसतं नाजूक, कापताना चिवट. तासाभरात कंबर धरली, तळहाताला फोड आले. रागीत पेरलेल्या अवरेच्या वेलांत निऱ्या अडकून लुगडं फाटू लागलं. तिसऱ्या दिवशी डाव्या अंगठ्यावर विळा बसला. फडकं गुंडाळून ती पुन्हा वाकली.

सोयराबाईनं लोट्यात ताक आणलं. "घ्या अक्का, स्वल्प."

"नको गं. मी पिऊन आलेय."

कुठून पिऊन येणार? बसमधून उतरल्यापासून कामालाच जुंपलेली. सोयराबाईनं लोटा तसाच मातीत ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. त्यानंतर तिनं ताक आणणं सोडलं, बोलणं सोडलं, आणि ती रानाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन कापायला लागली. बिचारी लाजली असेल, असं मथुराला वाटलं. शिकल्यासवरल्या माणसाला दुसऱ्याचं मन कधी कधी असं उलटंच वाचता येतं.

रात्री घरी पोचायला उशीर व्हायचा. वहिनी जेवण झाकून ठेवायची, मथुरा त्यातलं निम्मं परत ठेवायची. सकाळी अंग मोडून यायचं. तोंडाला चव नव्हती, डोळ्यांत कचकच. ताप असावा, पण थर्मामीटर ती दुसऱ्यांना लावायची.

आणि एका दुपारी, पूर्वेला ढग काळवंडलेले असताना, पेंढी बांधता बांधता ती खाली बसली. उठायला गेली ते जमलं नाही. रागीची कणसं डोळ्यांपुढं फिरली आणि ती कुशीवर कलंडली.

डोळे उघडले तेव्हा ती सोयराबाईच्या घरात घोंगडीवर होती. कपाळावर ओलं फडकं, पायाशी सोयराबाई. अंगठ्याचं घाणेरडं फडकं बदलून तिथं हळद दाबलेली होती. सोयराबाईनं तिला पाठुंगळी घेऊन आणलं होतं, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत.

"जाते मी," मथुरा उठायला लागली. "ढग आलेत. अजून अर्धं रान..."

"नीज!" सोयराबाई ओरडली. मग स्वतःच चमकली, कारण सरकारी बाईला तिनं आजवर अहो-जाहोच केलं होतं. पण एकदा तोंडातून निघालं ते निघालं. "रान माझं आहे. भिजलं तर माझं भिजंल. तू कोण माझं रान कापणारी?"

"अगं, मी मदत..."

"मी काय फेडू तुझं? तुझं रान कुठं आहे? मी कुठं येऊ विळा घेऊन?"

"फेडायचं कशाला?"

"फेडायचं नाही तर ती सावड नव्हे, अक्का. भीक आहे ती. नवरा इस्पितळात गेला, गाव तुटलं, तरी मी भीक घेतली नव्हती. ती तू घालायला लागलीस. माझ्या घरचं ताक तुला चालत नाही. गाव घेत नाही ते भेऊन घेत नाही, मला कळतं. तू का घेत नाहीस? तूच म्हणालीस की आमच्यात रोग नाही."

मथुराला एकदम रडू आलं. "आम्हाला नियम आहे, सोयरा."

"मग विळ्याला नियम नाही का?"

मथुरानं कपाळावरचं फडकं काढून हातात घेतलं. मग तिनं जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "मला घ्यायला जमत नाही गं. घेतलं की मिंधं झाल्यासारखं वाटतं. भावाकडं दोन घास जास्त खाल्ले तरी वाटतं."

"आणि आम्ही मिंधं झालो ते चालतं तुला?"

सोयराबाई उठली. चुलीवरचं उकळतं सारू थाळ्यात ओतलं, त्यात रागीचा उंडा ठेवला आणि थाळा मथुरापुढं सरकवला. "आधी पोटोबा मग विठोबा. खा. मग काय तो नियम सांग."

मथुरा जेवली. उंड्याचा घास तोडून, सारूत बुडवून, न चावता गिळत, जसा इथं गिळतात तसा. तिनं आणखी मागितलं, आणि सोयराबाईनं वाढलं. त्या घरात दिवाळीपासून बाहेरचं कुणी जेवलं नव्हतं. वाढताना सोयराबाईची मान ताठ झालेली मथुरानं पाहिली, आणि तेव्हा कुठं तिला कळलं की आपण एवढे दिवस या बाईकडून काय हिरावून घेत होतो. जेवून ती तिथंच झोपली. गाढ झोपली.

उठल्यावर सोयराबाईनं विचारलं, "सकवारक्कानं विचारलं तेव्हा सांगून मोकळी का झाली नाहीस? तुझ्या मागचं लचांड तरी सुटलं असतं."

"ते तुझं आहे. माझं असतं तर सांगितलं असतं."

"मग मीच सांगती उद्या."

"विचार कर, सोयरा. बाहेर पडलेला शब्द परत घेता येत नाही. तुझ्या लेकीचं आहे."

"लेकीनं मला चोरासारखी वावरताना बघितलंय महिनाभर. ते काय चांगलं आहे?" सोयराबाई म्हणाली. "तू फक्त जवळ उभी राहा. बोलू नको."

सकाळी बालवाडीच्या पडवीत पोरं दुधाला जमली, त्यांच्या आया जमल्या. सोयराबाई आली ती थेट मधोमध उभी राहिली. तिनं पदर कमरेला खोचला, रानात खोचायची तसा.

"माझा नवरा मिलमध्ये नाही. क्षयाच्या इस्पितळात आहे. सुधारतोय. मला आन् लेकरांना काही नाही, छातीचे फोटो काढलेत. मी तुमच्याशी खोटं बोलले, चुकले. या अक्कानं माझं खोटंही तुम्हाला सांगितलं नाही आन् खरंही नाही. ज्याला विळा घेऊन यायचंय त्यानं यावं, उंडा गरम मिळंल. नाही आलात तर मी एकटी कापीन, जेवढं होईल तेवढं. पण आता तोंड लपवून नाही."

एकीनं आपलं पोर जवळ ओढलं. मग सकवारबाईनं मथुराकडं पाहिलं. "आता तरी सांगाल? फोटोचं खरं आहे?"

मथुरानं आधी सोयराबाईकडं पाहिलं. तिनं मान हलवली. मग मथुरा बोलली. रोग कसा पसरतो, कसा पसरत नाही, डॉक्टर काय म्हणाले, ज्याला शंका असेल त्याला उद्या आपल्याबरोबर इस्पितळात नेते, सगळं सांगितलं. "आणि मी काल यांच्याकडं जेवले," शेवटी ती म्हणाली. "दोनदा वाढून घेतलं."

सकवारबाई तिच्याकडं बघतच राहिली. आषाढापासून आपल्या घरातली गोष्ट हिच्याजवळ आहे, सोयराची पण होती. एवढं सोयराचं रान उभं राहिलं, स्वतः विळ्यानं हात कापून घेतला, पण तोंड उघडलं नाही. ती धमकी नव्हती तर! सकवारबाई कुणापुढं चूक कबूल करणारी बाई नव्हती, तेव्हाही तिनं ती केली नाही.

"हिच्या पोटात गेलेलं बाहेर येत नाही, एवढं बरं आहे," ती म्हणाली. "चला गं. ढग बघताय ना? विळे काय तुमच्या सासवा आणून देणार?"

सगळ्या आल्या नाहीत. काही घरांची दारं त्या दिवशीही बंदच राहिली. पण सकवारबाई वाकली तेव्हा तिच्या मागं बरीच ओळ लागली, आणि त्या ओळीत चंपाही होती. दिवसभर विळे चालले. दुपारी बांधावर थाळे मांडले गेले, वाफाळता उंडा पुढं आला, आणि क्षणभर कुणाचा हात उठेना. सकवारबाईनं पहिला घास तोडला. "मीठ कमी आहे गं सोयरा," ती म्हणाली, आणि सोयराबाई पोट धरून हसली. पुढच्या दिवशी संध्याकाळी शेवटची पेंढी गंजीवर चढली, वरून गवत आणि जुनी चटई पडली, आणि मगच झिमझिम सुरू झाली. गाव करी ते राव न करी, ते खरंच. मथुराला त्या बायकांचा एवढा अभिमान वाटला की पावसात भिजत ती नुसती उभी राहिली.

"आता मथुराक्काची पाळी," सकवारबाई म्हणाली. "सोयराच्या रानात तुझा विळा होता. तुझं काय काम आहे बोल, सगळ्या येतो."

"माझं कुठं रान आहे?"

"ते आम्हाला ठाऊक नाही. फेडल्याशिवाय सोडणार नाही. आम्ही काय भिकारी आहोत?"

मथुरानं खूप विचार केला. मग जरा लाजत म्हणाली, "मला एक दिवस झोपायचंय."

बायका खदखदून हसल्या. मग तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं कुणाकुणाला दिसली आणि हसणं थांबलं.

मथुरानं रीतसर रजा टाकली, नोकरीतली पहिली. ठरल्या दिवशी ती सोयराबाईच्या घरी घोंगडीवर आडवी झाली. बालवाडीत सकवारबाईनं दूध उकळलं, चंपानं पोरांचे पेले विसळले, एकीनं पडवी सारवली.

नेमकी त्याच दिवशी हयवदनरावांची जीप आली. बालवाडीच्या केंद्राला कुलूप असणार, या हिशेबानं ते नुसते पुढं निघाले होते. पण पोरं ओळीत बसून दूध पिताना दिसली.

"सेविका रजेवर आहेत. मग केंद्र उघडं कसं?"

"आज तिची मुय्यी आहे," सकवारबाई ठसक्यात कानडीत म्हणाली. "तिचं काम आम्ही करतोय. ती झोपलीय, सोयराच्या घरी."

"इथं? रजा घेऊन घरी नाही का जायचं?"

"घरी ती झोपत नाही, साहेब. राबती."

हयवदनराव सोयराबाईच्या दाराशी आले. चुलीजवळ मथुराचा उष्टा थाळा अजून पडलेला होता. त्यांच्या कपाळाला आठी पडली. आवाजानं मथुरा जागी झाली. एरवी ती केस सावरत, माफी मागत धावली असती. आज ती तशीच, विस्कटलेल्या वेणीनं दारात येऊन उभी राहिली.

"तुम्ही गावकऱ्यांकडं जेवता?"

"हो सर, जेवते. सोयराबाईंकडं जेवते, सकवारबाईंकडंही जेवणार आहे. जिथं काम करते तिथं घेतेही. सगळ्यांचं घेते, म्हणून कुणाच्याच तटाची नाही."

सोयराबाई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. हयवदनरावांनी यासाठी नियम आठवून पाहिला.

"हे लेखी द्यावं लागेल तुम्हाला," ते म्हणाले.

"देईन सर. उद्या देईन," मथुरा म्हणाली. "आज माझी रजा आहे."

आणि ती आत जाऊन पुन्हा झोपली.